पंक्तीचे परीक्षक

सोन्याचा कस पाहण्यास कसोटीचा दगड आहे, दुधांतील पाणी ओळखण्यास यंत्र आहे. परंतु जेवणाची प्रत ठरविण्यास मनुष्याच्या जिभेवांचून दुसरें साधन अद्यापि निघालेलें नाहीं. आणि जीभ तर माणसागणिक निराळी. एकाच घरांत एकास आमटी अळणी लागते, दुसऱ्यास तीच खारट लागते. असें असतांहि भोजनगृहांची गुणानुक्रमानें प्रतवारी लावण्याचा उद्योग युरोपांत गेलीं सव्वादोनशें वर्षें चालत आला आहे व आतां तो साऱ्या जगभर पसरला आहे. ह्या प्रतवारीवर आज शहरांचे मानापमान, कोट्यवधींचें भांडवल आणि क्वचित् एखाद्या आचाऱ्याचा प्राणहि टांगलेला असतो. ज्या विषयांत दोघांचें एकमत होणें कठीण, त्याच विषयांत थोड्यांचें मत सर्वांनीं प्रमाण कां मानावें, हें कोडें आम्हांस पुष्कळ दिवस पडलें होतें. त्याचें उत्तर मुदपाकखान्यापेक्षां हिशेबाच्या वहींत लवकर सांपडतें. परीक्षकाच्या ताटाचे पैसे कोणीं दिले, एवढें एक विचारीत गेलें म्हणजे ह्या परीक्षांचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो, असें आमचें मत झालें आहे.

‘रेस्टॉरंट’ हा शब्द मूळचा जागेचा वाचक नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ, अशक्त माणसास शक्ति आणणारा मांसाचा सत्त्वरस, असा होता. असा रस विकणारीं व गिऱ्हाइकास स्वतंत्र टेबल देणारीं दुकानें पॅरिस येथें १७६० नंतरच्या दशकांत निघालीं, आणि पदार्थाचें नांव हळूहळू दुकानास चिकटलें. ह्या धंद्याचा आद्य प्रवर्तक म्हणून मातुरँ रोझ द शांतोआझो ह्याचें नांव घेतात. गृहस्थ मोठा उलाढाली. राष्ट्राचें कर्ज फेडण्याच्या योजना काढणें हा त्याचा दुसरा छंद होता व त्यापायीं त्यानें तुरुंगवासहि ओढवून घेतला. १७६९ सालीं त्यानें शहरांतील व्यापारी व कारागीर ह्यांच्या पत्त्यांची एक जंत्री प्रसिद्ध केली, आणि तींत आपल्या स्वतःच्या भोजनगृहाची शिफारस करण्यास तो विसरला नाहीं. म्हणजे भोजनगृह आणि भोजनगृहांची यादी हीं दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यांतून जवळजवळ एकाच वेळीं बाहेर पडलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पण जंत्री वेगळी आणि परीक्षा वेगळी. परीक्षेच्या प्रथेचें जनकत्व ग्रिमो द ला रेनियेर ह्या विक्षिप्त पुरुषाकडे जातें. त्याचा जन्म १७५८ सालचा. त्याचा बाप सरकारी कर वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्या गडगंज इजारदारांपैकीं एक होता. मुलाच्या दोन्ही हातांत जन्मतःच व्यंग होतें. कृत्रिम पंजांच्या साह्यानें तो लिही आणि जेवी. तो वकिली शिकला, नाटकांवर टीका लिहूं लागला, आणि आईबापांच्या डामडौलाची टवाळी करण्यांत त्यानें तारुण्य घालविलें. १७८३ सालीं त्यानें एक मेजवानी दिली, तिचीं निमंत्रणें मृत्युपत्रिकेच्या नमुन्यावर छापलेलीं होतीं, आणि जेवणारांची मौज पाहण्यासाठीं प्रेक्षकांसहि प्रवेश होता! अखेर घरच्यांनीं कंटाळून राजाज्ञा मिळविली व १७८६ सालीं त्याची रवानगी नान्सी शहराजवळील एका मठांत करविली. मठांत वैराग्य शिकावें. हा मठाधिपतीच्या पंक्तीस बसून उत्तम जेवणाची दीक्षा घेऊन परतला, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

पुढें राज्यक्रांति झाली. बाप वारला, संपत्तीचा मोठा भाग नाहींसा झाला. जुने सरदार देशोधडीस लागले आणि त्यांच्या जागीं ठेकेदारी व सट्टा ह्यांवर गबर झालेले नवे धनिक आले. ह्या मंडळींजवळ पैसा होता. परंतु हंगाम कोणत्या पदार्थाचा, पाव कोणाच्या दुकानचा घ्यावा, पाहुण्यास आधीं काय वाढावें, हें सांगणारें त्यांच्या घरांत कोणी नव्हतें. घराण्यांत पिढ्यान् पिढ्या मुरलेली रुचि बाजारांत मिळत नाहीं. ग्रिमोनें ती पुस्तकरूपानें विकावयास काढली. १८०३ सालीं त्याच्या ‘आल्मानाक दे गूर्मां’चा, म्हणजे खवय्यांच्या जंत्रीचा, पहिला भाग निघाला, आणि १८१२ पर्यंत एकंदर आठ भाग बाहेर पडले. पहिल्या भागाच्या आरंभीं एका ग्रंथालयाचें चित्र आहे. पण त्या फळ्यांवर ग्रंथांच्या ऐवजीं खाद्यपदार्थांच्या राशी रचलेल्या आहेत. पुस्तकांत महिनेवार पदार्थांचें वर्णन आणि त्यापुढें पॅरिसच्या गल्ल्यांतून वाचकास बोट धरून हिंडविणारी एक ‘पौष्टिक यात्रा’. हा मिठाईवाला चांगला, तो खाटीक आळशी झाला, अमक्या भोजनगृहाची पूर्वींची प्रतिष्ठा गेली, असे निवाडे त्यांत पानोपानीं आहेत.

ह्याच ग्रिमोनें एक परीक्षकमंडळ स्थापन केलें. मंडळाची बैठक मंगळवारीं भरे. व्यापाऱ्यांनीं आपला माल स्वखर्चानें नमुन्यादाखल पाठवावा, सभासदांनीं तो गंभीर चेहऱ्यानें चाखावा, मतें घ्यावींत, आणि निर्णय जंत्रींत छापावा, अशी रीत होती. चारशेंहून अधिक बैठका ह्या मंडळानें भरविल्या. आतां ह्या व्यवस्थेंत गोम कोठें होती तें सांगावयास नकोच. परीक्षकाचें ताट परीक्षार्थी भरीत होता! गांवच्या पाटलाकडे जेवून गांवाची जमाबंदी ठरविणाऱ्या कारकुनाची जी स्थिति, तीच ह्या मंडळाची झाली. नमुना पाठविणाराचा माल चांगला ठरे, न पाठविणारा जंत्रींतून गळे, असा बोभाटा झाला. निंदा झालेले व्यापारी उलटले. आणि १८१२च्या भागानंतर जंत्री बंद पडली. त्यानंतर ग्रिमो पंचवीस वर्षें जगला, परंतु पॅरिसच्या पंक्तीवर त्याची सत्ता उरली नाहीं. त्याला आम्ही केवळ लांचखाऊ म्हणणार नाहीं. मालाची पारख त्याला होती, लेखणींत विनोद होता, आणि भोजन हा वाङ्मयाचा विषय होऊं शकतो हें त्यानेंच प्रथम दाखविलें. पण निःस्पृह परीक्षक पोसण्यास जें उत्पन्न लागतें, तें त्याच्या पुस्तकांत नव्हतें.

मध्यंतरीच्या शतकांत मरे, बेडेकर इत्यादिकांचीं प्रवासपुस्तकें निघालीं. प्रेक्षणीय स्थळांवर व खानावळींवर ताऱ्याची खूण करण्याची पद्धत बेडेकरानें रूढ केली. ह्याहून अधिक त्यांविषयीं येथें सांगण्याचें कारण नाहीं.

निःस्पृहतेचा खर्च कोणीं सोसावा, ह्या प्रश्नाचें उत्तर शेवटीं रबराच्या कारखान्यांतून आलें. क्लेर्मां-फेराँ ह्या गांवीं आंद्रे व एदुआर मिशेलिन ह्या बंधूंनीं १८८९ सालीं आपली कंपनी काढली, आणि हवा भरलेले टायर हा तिचा मुख्य धंदा झाला. १९०० सालीं साऱ्या फ्रान्सांत तीन हजारहि मोटारी नव्हत्या. मोटार थोडी, तर टायरहि थोडे. आणि घरीं उभ्या असलेल्या मोटारीचे टायर झिजत नाहींत. मालकांनीं दूरदूर फिरावें, फिरतांना रस्ता चुकूं नये, पेट्रोल कोठें मिळेल, यंत्र बिघडल्यास कारागीर कोठें भेटेल, रात्रीं कोठें उतरावें, हें सर्व सांगणारें एक लाल रंगाचें लहानसें पुस्तक बंधूंनीं त्या वर्षीं छापलें व त्याच्या ३५,००० प्रती फुकट वांटल्या. ज्या देशांत तीन हजार मोटारी नाहींत तेथें पस्तीस हजार प्रती! हें पुस्तक शतकाबरोबर जन्मलें आहे आणि शतकभर टिकेल, अशा अर्थाचें भाकीत त्यांनीं प्रस्तावनेंतच करून ठेविलें होतें. व्यापाऱ्यांचीं असलीं भाकितें सहसा खरीं होत नाहींत, हें झालें.

पुस्तक १९२० पर्यंत फुकट मिळे. एका कारागिराच्या दुकानीं आपल्या पुस्तकांची चवड टेबलाच्या पायाखालीं टेकण म्हणून घातलेली आंद्रे मिशेलिन ह्यानें पाहिली, आणि मनुष्य फक्त विकत घेतलेल्या वस्तूचाच मान राखतो असें म्हणून त्यानें त्यास सात फ्रँक किंमत लावली, अशी कथा कंपनी स्वतःच सांगते. त्याच सुमारास पुस्तकांतील जाहिराती काढून टाकण्यांत आल्या. १९२६ सालीं उत्तम जेवणाच्या ठिकाणांपुढें एक तारा छापूं लागले. १९३१ सालीं पॅरिसबाहेरील प्रांतांसाठीं एक, दोन व तीन ताऱ्यांची चढती भाजणी ठरली, आणि १९३३ सालीं ती पॅरिससहि लागू झाली. निरीक्षक निनांवी असावा, त्यानें सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें जेवावें आणि आपलें बिल पुरतें चुकवावें, हा दंडक ह्याच काळांत पडला. ग्रिमोच्या मंडळास जें साधलें नाहीं तें येथें साधलें, कारण निरीक्षकाचें बिल शेवटीं टायर विकत घेणारा भरीत होता व त्याला कोणत्याहि एका भोजनगृहाचें सोयरसुतक नव्हतें.

ह्या ताऱ्यांचा अर्थ कंपनीनें कसा लाविला तो पाहण्यासारखा आहे. एक तारा म्हणजे आपल्या वर्गांत फार चांगलें ठिकाण. दोन तारे म्हणजे वाट वांकडी करून जावें असें. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठींच प्रवासास निघावें असें. येथें चवीचें नांव अप्रत्यक्षपणें येतें. मोजमाप रस्त्याचें आहे! किती मैल मोटार चालविली असतां हें जेवण परवडेल, ह्या मापानें पाककलेची थोरवी सांगितली आहे. आम्हांस ही योजना मोठी मार्मिक वाटते. तीन तारे मिळविणारीं दोन घरें त्यांतील एक आरंभींच अधिक चांगलें आणि दुसरें किंचित् उणें, असें हें माप कधींच म्हणत नाहीं. दोन्हींकडे जावें, एवढेंच तें म्हणतें. ही मर्यादा पुढच्या लोकांनीं मोडली, तें यथाक्रम सांगूं.

१९३३ सालीं तीन ताऱ्यांचा मान ज्यांस मिळाला त्यांत एजेनी ब्राझिये ही बाई होती. खेड्यांतील गरीब कुटुंबांत १८९५ सालीं तिचा जन्म झाला; दहाव्या वर्षीं आई गेली; शेतावर गुरें राखीत ती वाढली. १९२१ सालीं तिनें ल्यों शहरांत एक लहानशी खानावळ घातली आणि पुढें डोंगरावर, कोल द ला ल्युएर येथें, दुसरी. एकाच वर्षीं दोन्हींस तीन-तीन तारे मिळाले. असे सहा तारे त्यापूर्वीं कोणास मिळाले नव्हते. मोठ्या घराण्यांतील खानसामे आणि पॅरिसचीं झुंबरांचीं दालनें ह्यांना डावलून एका शेतकरणीस हा मान देणारा निरीक्षक कोण होता तें जगास कळलें नाहीं, आणि पद्धतीचा खरा गौरव त्यांतच आहे. पुढें जगप्रसिद्ध झालेला पोल बोक्यूज हा तरुणपणीं तिच्याच चुलीपाशीं शिकला.

दुसऱ्या महायुद्धांत पुस्तक निघेनासें झालें. परंतु १९४४ सालीं दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडींत उतरावयाच्या, तर फ्रान्सांतील गांवांचे बिनचूक नकाशे पाहिजेत. तेव्हां १९३९ची आवृत्ति वॉशिंग्टन येथें जशीच्या तशी छापून, वर ‘केवळ सरकारी उपयोगासाठीं’ असा शिक्का घालून, अधिकाऱ्यांस वांटण्यांत आली. पक्वान्नांचे तारे त्यांत तसेच होते.

युद्धानंतरच्या पिढीस प्रतिस्पर्धी मिळाला. आँरी गो व क्रिस्तियाँ मियो ह्या दोघां पत्रकारांनीं १९६९ सालीं मासिक काढलें, आणि पुढें शाळामास्तराप्रमाणें विसांपैकीं गुण देण्यास आरंभ केला. मिशेलिनचें पुस्तक मुक्यासारखें खुणा करी. हे दोघे भरभरून लिहीत. लोणी-मलईच्या जड रसांचा त्याग करून हलका, ताजा स्वयंपाक करणाऱ्या तरुण आचाऱ्यांच्या पंथास ‘नूव्हेल क्युझिन’ म्हणून त्यांनींच १९७३ सालीं मिरविलें. वाचकांस हें आवडलें. पण गुणांची भाषा ताऱ्यांच्या भाषेहून निष्ठुर असते. ताऱ्यांत तीनच पायऱ्या. गुणांत एकोणीस आणि सतरा ह्यांमधील अंतर सर्वांस दिसतें.

ह्या अंतराची किंमत बेर्नार ल्वाझो ह्यानें दिली, असें पुष्कळ मानतात. बर्गंडीमधील सोलिय ह्या लहानशा गांवीं जुन्या नांवाजलेल्या खानावळीची धुरा त्यानें हातीं घेतली व १९९१ सालीं तीन तारे मिळविले. त्यासाठीं त्यानें डोईजड कर्ज काढून इमारत नवी केली होती. पुढें १९९८ सालीं आपली कंपनी शेअरबाजारांतहि नेली. २००३च्या आरंभीं गो-मियोनें त्याचे गुण एकोणिसांवरून सतरांवर आणले. वर्तमानपत्रांत कुजबूज सुरू झाली कीं मिशेलिनचा तिसरा ताराहि धोक्यांत आहे. प्रत्यक्षांत त्या वर्षींच्या पुस्तकांत त्याचे तिन्ही तारे शाबूत होते. २४ फेब्रुवारी २००३ रोजीं दुपारची पंगत आटोपल्यावर ल्वाझोनें घरीं आत्मघात केला. तो अवघा बावन्न वर्षांचा होता. मनाचा आजार होता, कर्ज होतें, थकवा होता. दोन गुणांवर सारें पाप ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि परीक्षेचें भय परीक्षेहून मोठें झालें होतें, हें त्यावरून दिसतें. १६७१ सालीं शांतियी येथें राजाच्या मेजवानीस मासळी वेळेवर आली नाहीं म्हणून प्राण देणाऱ्या व्हातेलची गोष्ट फ्रेंच लोक अभिमानानें सांगत आले. व्हातेलला निदान आपला धनी कोण तें ठाऊक होतें. ल्वाझोचा धनी अदृश्य होता.

अदृश्य धन्याच्या घरांतील कारभार कसा चालतो, हें दुसऱ्याच वर्षीं उघड झालें. मिशेलिनकडे सोळा वर्षें निरीक्षक असलेल्या पास्काल रेमी ह्यानें २००४ सालीं पुस्तक लिहून सांगितलें कीं फ्रान्ससाठीं पूर्ण वेळ काम करणारे निरीक्षक शेवटीं पांचच उरले होते, आणि कांहीं बड्या धेंडांचे तारे काढण्याचें धैर्य कोणास होत नव्हतें. कंपनीनें हें नाकारलें. पण लगेच २००५ सालीं बेल्जियममध्यें असा चमत्कार घडला कीं, ओस्टेंड येथील एका भोजनगृहाची शिफारस पुस्तकांत छापून आली, आणि निरीक्षण व्हावयाचें त्या वेळीं तें भोजनगृह उघडलेंच नव्हतें! सुमारें पन्नास हजार प्रती परत घ्याव्या लागल्या. न शिजलेलें अन्न चाखणारी ही जीभ ग्रिमोच्या मंडळांतहि कोणापाशीं नव्हती.

तरीहि पुस्तकाची सत्ता वाढतच गेली. २००७च्या अखेरीस तोक्यो शहराचें पहिलें पुस्तक निघालें. १५० भोजनगृहांस मिळून १९१ तारे, आणि आठांस तीन-तीन. पॅरिसलाहि एवढे तारे नव्हते. पाश्चात्त्य निरीक्षकास जपानी सुशीची पारख काय, असें तिकडील लोक विचारूं लागले, आणि त्याच वेळीं पुस्तकावर उड्याहि पडल्या. त्यांत तीन ताऱ्यांचें एक घर म्हणजे गिंझा भागांतील तळघरांत दहा माणसें बसतील एवढेंसें जिरो ओनो ह्या म्हाताऱ्याचें सुशीचें दुकान. झुंबरांवांचूनहि तीन तारे मिळूं शकतात ही ब्राझियेबाईच्या वेळची परंपरा येथें पुन्हां दिसली. २०१९ सालीं मात्र हें दुकान पुस्तकांतून वगळलें. जेवण बिघडलें नव्हतें. तेथें सामान्य माणसास जागाच मिळत नव्हती. जेथें जातां येत नाहीं तेथें जा असें सांगण्यांत अर्थ नाहीं, हा न्याय आम्हांस मान्य आहे.

आतां त्या मोडलेल्या मर्यादेकडे वळूं. २००२ सालीं लंडनच्या ‘रेस्टॉरंट’ ह्या व्यापारी मासिकानें जगांतील पन्नास सर्वोत्तम भोजनगृहांची यादी काढली. तींत तारे नाहींत, गुण नाहींत. पहिला, दुसरा, तिसरा असे घोड्यांच्या शर्यतीसारखे क्रमांक आहेत. पहिला क्रमांक स्पेनमधील एल बुलीस मिळाला व पुढें २००६ ते २००९ पर्यंत चार वर्षें सतत त्याच्याकडे राहिला. वर्षांतून सहाच महिने उघडें असणाऱ्या ह्या घरीं सुमारें आठ हजार जागांसाठीं लाखों विनंत्या येत, आणि तरीहि २०११ सालीं तें बंद झालें. मग कोपनहेगनच्या नोमाचा काळ आला. समुद्रकांठचें शेवाळ, रानांतला पाला, मुंग्या ह्यांचा स्वयंपाक करणाऱ्या ह्या भोजनगृहानें २०१० ते २०२१ ह्या अवधींत पांच वेळां पहिला क्रमांक मिळविला. पहिला क्रमांक जाहीर होतांच जगाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण उमेदवार तेथें काम शिकावयास धांवत. त्यांना २०२२ पर्यंत वेतन मिळत नसे. वेतन देणें सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत, जानेवारी २०२३ मध्यें, नेहमींच्या पद्धतीचें भोजनगृह चालविणें परवडण्यासारखें नाहीं असें मालकानें जाहीर केलें. जगांत पहिलें येण्याच्या खर्चाचा एक भाग कोणाच्या पदरचा होता, हें ह्या दोन तारखा शेजारीं ठेविल्या म्हणजे कळतें.

ह्या यादीस पगारी निरीक्षक नाहींत. आचारी, भोजनगृहांचे मालक, लेखक आणि हिंडते खवय्ये अशा हजारावर लोकांचीं मतें घेऊन ती बनते. २०१५ सालीं पॅरिस येथें तिच्याविरुद्ध एक चळवळ उठली. मत देणारानें तेथें जेवल्याचा पुरावा द्यावा लागत नाहीं, फुकट जेवणारास मज्जाव नाहीं, असे आक्षेप त्या लोकांनीं घेतले. म्हणजे ग्रिमोची मंगळवारची बैठक पुन्हां भरली. फरक एवढाच कीं पूर्वी खाटीक नमुना पाठवी, आतां शहरें स्वतःस नमुना म्हणून पाठवूं लागलीं. निकालाचा समारंभ २०१६ सालीं न्यूयॉर्क, २०१७ सालीं मेलबर्न, मग बिल्बाओ, सिंगापूर असा फिरूं लागला, आणि जें शहर यजमान होई तें जगांतील नामांकित परीक्षकांस आपल्या पंक्तीस बसवी. २०१९ सालीं यादीवाल्यांनीं आणखी एक नियम केला: जें घर एकदां पहिलें आलें तें पुन्हां यादींत येणार नाहीं. एकदां मानाची गदा मिळविलेल्या मल्लास पुन्हां आखाड्यांत उतरूं न देण्यासारखें हें झालें. दर वर्षीं नवा पहिला पाहिजे, ही गरज वर्तमानपत्रांची. जेवणाराची कशी असेल?

फ्रेंच लोकांस ही इंग्रजी यादी रुचली नाहीं. २०१५च्या डिसेंबरांत त्यांनीं ‘ला लिस्त’ नांवाची हजार भोजनगृहांची यादी काढली. जगांतील शेंकडों मार्गदर्शक पुस्तकांचे निवाडे यंत्रांत घालून तें यंत्र क्रम लावतें. जीभ अजीबात वगळली! त्या पहिल्या यादींत पहिला क्रमांक स्वित्झर्लंडमधील क्रिसिये येथील बन्वा व्हियोलिये ह्याच्या भोजनगृहास मिळाला. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जानेवारी २०१६ रोजीं, चव्वेचाळिसाव्या वर्षीं त्यानेंहि आपला अंत करून घेतला. त्याचा यादीशीं कार्यकारणसंबंध जोडणें चुकीचें होईल, कारण तो तर पहिला आला होता. परंतु पहिलें येणें हें कांहीं अभय नव्हे.

मिशेलिन तरी जुन्या दंडकावर टिकून राहिलें काय? निरीक्षक आजहि बिल चुकवितो. पण पुस्तक कोणत्या देशांत काढावें ह्याचा निर्णय आतां पुष्कळदां त्या देशाच्या पर्यटनखात्याच्या पैशावर होतो. थायलंडच्या खात्यानें २०१७ पासून पांच वर्षांसाठीं १४ कोटी ४० लाख बाट देण्याचें ठरविलें. कॅलिफोर्नियाच्या पर्यटनसंस्थेनें २०१९च्या पुस्तकासाठीं सहा लक्ष डॉलर दिले. तारे विकले जातात असा ह्याचा अर्थ नाहीं. तारे पडूं शकतील असें आकाश विकलें जातें, एवढेंच. ज्या देशानें पैसे भरले नाहींत तेथें कितीहि थोर आचारी असला तरी पुस्तकाच्या लेखीं तो नाहींच.

आपल्याकडच्या लोकांस ह्याचा अनुभव आहे. भारतीय स्वयंपाकास पहिले तारे मिळाले ते २००१ सालीं, लंडनमध्यें. मूळचे मुंबईचे विनीत भाटिया आणि अतुल कोचर ह्या दोघांस. गगन आनंद ह्या कलकत्त्याच्या आचाऱ्यानें २०१५ पासून चार वर्षें आशियाच्या यादींत पहिला क्रमांक राखला, तो बँकॉकमध्यें. भारतीय जेवणास तीन ताऱ्यांचा मान प्रथम २०२५ सालीं मिळाला, तोहि दुबईंत, हिमांशु सैनी ह्यांच्या ‘त्रेसिंड स्टुडिओ’स. तोंपर्यंत भारतांतील एकाहि शहराचें मिशेलिन पुस्तक निघालेलें नव्हतें. मुंबईच्या मनुष्यास आपल्याच देशाच्या पाककृतींचें तीन ताऱ्यांचें ताट पाहिजे असेल तर विमानाचें तिकीट काढावें लागे.

ह्या यंत्रणेंतून बाहेर पडण्याचे प्रयत्नहि झाले आहेत. मार्क व्हेरा ह्या आल्प्समधील आचाऱ्याचा तिसरा तारा २०१९ सालीं गेला. निरीक्षकानें आपल्या पदार्थांत इंग्रजी चीज असल्याचा समज करून घेतला, असें म्हणत तो न्यायालयांत गेला आणि एक युरो नुकसानभरपाई मागूं लागला. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं न्यायालयानें दावा फेटाळला. सेबास्तियाँ ब्रास ह्याची गोष्ट निराळी. लाग्यिओल गांवच्या माळावर वडिलांनीं मिळविलेले तीन तारे त्यानें सांभाळले होते. सप्टेंबर २०१७ मध्यें त्यानें कंपनीस कळविलें कीं रोज वाढलेलें प्रत्येक ताट कदाचित् निरीक्षकाचें असेल ह्या धास्तींत आपणांस स्वयंपाक करावयाचा नाहीं, तेव्हां पुढच्या पुस्तकांतून आपलें नांव काढावें. २०१८च्या पुस्तकांत त्याचें नांव नव्हतें. २०१९चें पुस्तक निघालें तेव्हां तें पुन्हां छापलेलें होतें, दोन ताऱ्यांसह. कोणीं तरी मधल्या काळांत तेथें जाऊन, निमूटपणें जेवून, बिल चुकतें करून गेला होता.